माझ्या वतीने तुळजा

१८ फेब्रुवारी १९६३

आज घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. दम्याचे डॉक्टर वेगळे, हे डॉ. रामस्वामी फक्त कान, नाक, घसा पाहतात. कपाळाला गोल आरसा बांधून त्यांनी माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, दांडीचा बारीक आरसा घशात घातला आणि "ई म्हणा" म्हणाले. आपली जीभ दुसऱ्याच्या मुठीत असताना ई म्हणणे जमत नाही. उमासे आले.

निदान असे. घशातल्या स्वरतंतूंना सूज आहे, कडा जाड झाल्या आहेत, पण गाठ नाही. दम लागला की बशीत दम्याची औषधी पूड जाळून मी धूर ओढतो, त्याने घसा भाजतो. रबरी फुग्याच्या फवाऱ्याने तो कोरडा पडतो. सारखे खाकरल्याने तंतू एकमेकांवर आपटतात. एवढे त्यांनी शांतपणे सांगितले. मग मी कुजबुजत काही विचारले, तर चिडले.

"असं किती वर्षं बोलता?"

पाच बोटे दाखवली.

"घसा जपायला म्हणून? कुजबुजण्यानं तो उलट जास्त आवळला जातो. बोलायचं तर नीट बोला, नाहीतर गप्प बसा. मधलं काही नको."

तीन आठवडे पूर्ण मौन. पूड बंद. दोन वेळा नुसत्या पाण्याची वाफ. खाकरावेसे वाटले की कोमट पाण्याचा घोट. रात्री चिंचेचे सार नाही, जेवल्यावर लगेच आडवे होणे नाही. श्वास व घसा रोज कसा आहे ते टिपून ठेवायचे. कचेरीतून मिळालेली डायरी कोरी पडली होती, तीत लिहीत आहे.

श्वास बरा. घसा बसलेला.

पाच वर्षे मी कुजबुजलो कारण तुळजाला ऐकू येत असे. तुळजा माझी बायको. डिसेंबरात गेली. ती माझ्या तोंडाशी कान आणायची, ऐकून घ्यायची आणि बाहेर जाऊन ज्याला सांगायचे त्याला सांगायची. मला दुसऱ्या कोणाशी बोलावे लागत नव्हते. आता मी कुजबुजलो की लोक "काय? काय?" करतात आणि मग विषय बदलतात.

१९ फेब्रुवारी

कचेरीत मी आज एक शब्दही बोललो नाही. कोणाच्या लक्षात आले नाही.

२१ फेब्रुवारी

घरी अक्का आहे. माझी थोरली बहीण सकवारबाई, विधवा, तुळजाच्या दिवसांसाठी तंजावरहून आली ती राहिली. मी बोलणार नाही हे तिला समजले आहे, पण मला ऐकू येते हे समजलेले नाही. कानाशी येऊन ओरडते.

"पद्मनाभा! सार वाढू का, सार!"

मी मान हलवली. समोर ब्रह्मचाऱ्यांची मॅन्शन आहे, एकट्या नोकरदारांना भाड्याने खोल्या देणारी. तिच्या गच्चीवरून कोणीतरी तमिळमध्ये म्हणाला, "त्यांना नको असेल तर इकडे द्या, पाटी!"

"मेल्यांनो, लग्नं करा की!" अक्काने खिडकीतून सांगितले. पाटी म्हणजे आजी; ते आजी म्हणाले म्हणून चिडली की जेवण मागितले म्हणून, कळले नाही.

लिहून दाखवायला पाटी आणली. अक्काला वाचता येत नाही. आणताना हे माझ्या ध्यानात आले नाही. तुळजाला वाचता येत असे.

२४ फेब्रुवारी, रविवार

सुंदर आला होता.

सुंदर माझा एकुलता मुलगा. त्याच्या कचेरीत टायपिस्ट होती ती वसंता, तमिळ मुदलियारांची मुलगी. पाच वर्षांपूर्वी तिच्याशी रजिस्टर लग्न करणार म्हणून तो सांगायला आला, तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. दम लागला होता, बशीत पूड जळत होती. बाहेरची धूळ येते म्हणून त्या खोलीचे दार नेहमी लावलेले असायचे. तुळजा आत आली. मी तिच्या कानात सांगितले, "त्याला सांग, या घराची पायरी चढू नको. मी मेलो तरी चढू नको." ती बाहेर गेली. बराच वेळ हॉलमध्ये बोलत होती. परत आली तेव्हा डोळे ओले होते. मी समजलो, सांगितले.

तरी तो दर रविवारी येत राहिला. पुढे तीही येऊ लागली. मी तुळजाला विचारी, लाज नाही का त्यांना? ती म्हणे, "मी आई आहे. मला भेटायला येतात, तुम्हाला नाही." मी दार लावून आत बसायचो. पाच वर्षे मी मुलाचे तोंड पाहिले नाही. पाहिले ते तुळजाला हॉलमध्ये ठेवले होते त्या दिवशी. अग्नी त्यानेच दिला. मला धुराजवळ जाता येत नव्हते.

आता तो सरळ आतल्या खोलीत येतो आणि माझ्या खाटेच्या कडेला बसतो, जणू काही झालेच नव्हते. आज म्हणाला, "अप्पा, अक्कात्ते जन्मभर इथे थोड्याच राहणार? तुम्ही आवडीला, आमच्याकडे राहायला चला. क्वार्टर्सना दोन खोल्या आहेत, मागे मोकळं आहे, बसची धूळ नाही. रिटायर झालो की तुझ्याकडेच येईन म्हणाला होता की तुम्ही. अम्मानं सांगटलं होतं."

मी पाटीवर लिहिले, 'मी असे कधीही म्हणालो नाही.'

त्याने पाटी उजेडाकडे धरली, तिरपी केली. "अप्पा, मला बालबोध लिपी वाचता येत नाही. तमिळमध्ये लिहा की."

शाळा तमिळ, कॉलेज इंग्रजी. घरी शिकवायला हवे होते, राहून गेले. पण मुलाला मी तमिळमध्ये लिहिणार नाही. मग इंग्रजीत लिहायला घेतले. तीस वर्षांच्या सवयीने पहिले शब्द 'आपल्या उपरोक्त पत्राच्या संदर्भात' असे उमटले. पुसून टाकले.

"बरं, राहू द्या," तो म्हणाला आणि जाताना पाया पडला.

२६ फेब्रुवारी

मी आवडीला येईन असे तुळजाने त्याला का सांगितले असेल? माणूस मेल्यावर त्याच्या तोंडी काहीही घालता येते. सुंदरनेच रचले असणार.

वाफ दोन वेळा घेतली. पूड न जाळता दिवस निघाला, पण छाती घट्ट.

२ मार्च

तुळजाचे मासिक श्राद्ध. सुंदरने केले. वसंताही आली होती. तिला दिवस आहेत, पाचवा महिना. पाच वर्षांनी. अक्काने तिला दारातच अडवले. "पोटुशी बाई श्राद्धाच्या स्वयंपाकाकडे फिरकायची नाही. अगं जा, त्याच्यापाशी आत बस. तोही बोलत नाही, तूही बोलू नको."

होमाचा धूर येऊ नये म्हणून मी आतल्या खोलीत होतोच. तिने विचारले, "मामा, दार लावू?" या मुली सासऱ्याला मामा आणि सासूला अत्ते म्हणतात. मी मान हलवली. तिने दार लावले, फटीला ओला पंचा लावला. हे तिला कोणी शिकवले? तुळजा लावत असे तसाच लावला.

मग बसली आणि बोलू लागली. मराठीत. आमच्या मराठीत, तंजावरच्या. पेठेत शिकलेली नव्हे, पुस्तकातली नव्हे. 'मज', 'तुज', 'कोठे' म्हणणारी, तुळजाची. उच्चारात तमिळ हेल होता, पण तो आमच्याही आहे. दाराआडून पाच वर्षे मी दोन बायकांचे बोलणे ऐकत होतो. एक आवाज नेहमी तुळजाचा आणि दुसरा कोणा शेजारणीचा असेल असे समजत होतो.

"तुमचा आवाज परत येईल, मामा. अत्ते म्हणत, तुमचा आवाज पूर्वी फार छान होता. मज ऐकायचाच आहे."

मी पाहत राहिलो. तिला वाटले, भाषा चुकली.

"चुकलं काय? अजून क्रियापदं चुकतात. अत्ते रागवायच्या. पहिल्या रविवारी मी आले की नाही, तेव्हा मज एक शब्द येत नव्हता. अत्ते या खोलीत आल्या, तुमचं ऐकून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'ते म्हणतात, पोरीला आपली भाषा शिकव. तिनं माझ्या घरात परक्यासारखं बसू नये.' मी रडले त्या दिवशी. माझ्या अप्पांनी मला तोंड दाखवू नको म्हटलं होतं. आणि इथे तुम्ही, आजारी असून..."

तिने डोळे पुसले. बाहेर सुंदर आईचे नाव आणि गोत्र म्हणत होता.

त्या रविवारी मी तुळजाला काय सांगितले होते ते मला नीट आठवते. मी म्हणालो होतो, "तिची भाषा माझ्या घरात ऐकू येता कामा नये."

४ मार्च

कचेरीत तपासायचे नकाशे डोळ्यांपुढे होते, पण काम झाले नाही.

सुंदरने रचले नव्हते. तुळजाने बाहेर जाऊन मी सांगितले ते सांगितलेच नाही. एकदाही नाही, असे दिसते. पाच वर्षे मी ज्याच्याशी बोलत नव्हतो, त्याला मी बोलत नाही हे माहीतच नव्हते. त्याला वाटत होते, अप्पा आजारी आहेत.

मी आत दार लावून बसलो होतो, कोणासाठी?

कचेरीतल्या राममूर्तीचे आता लक्षात येते. माझी बढती त्याला मिळाली, तेव्हा तो भेटायला आला होता. मी तुळजाच्या कानात म्हणालो, "दुसऱ्याच्या खुर्चीत बसताना लाज वाटली नाही का, विचार त्याला." ती बाहेर गेली. तेव्हापासून तो दर पोंगलला ऊस आणि केळी पाठवतो. मला वाटायचे, मनाला खाते म्हणून पाठवतो.

७ मार्च

पहाटे जोराचा दम लागला. कालच्या दमट हवेने. पूड जाळायची नाही म्हणून गोळी घेतली, पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकून बसलो, ओठ आवळून श्वास सोडत राहिलो. अक्का पाठ चोळत होती. थोडा उतार पडल्यावर मी डावीकडे तोंड केले आणि काहीतरी कुजबुजणार होतो. डावीकडे तुळजा बसायची. तिथे अक्का होती. तोंड मिटले.

मला जे विचारायचे आहे ते दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. ते तिलाच विचारायचे होते. माझ्या नावावर इतके बोलून ती एक अक्षर मला न सांगता गेली.

११ मार्च

डॉक्टरांनी आरसा घालून पाहिले. सूज बरीच उतरली आहे. ओठ मिटून 'म्' म्हणायला लावले, छातीवर हात ठेवून. मग आकडे म्हणा म्हणाले. त्यांना तमिळमधले हवे होते, मी मराठीत म्हणालो. एक, दोन, तीन.

आवाज आला. जाड आहे, थोडा खरखरतो, पण आवाज आहे. खोलीत तिसरा माणूस बोलावा तसा वाटला.

"आता घरी मोकळेपणानं बोला," डॉक्टर म्हणाले. "थोडं थोडं, हळू. ओरडायचं नाही, कुजबुजायचं नाही. बोलण्यासारखी माणसं आहेत ना घरी?"

आहेत म्हणालो.

१४ मार्च

अक्काला आवाज ऐकवला. ती ताट टाकून उठली. "अय्यो, हा तर आपल्या अप्पांचा आवाज! मेल्या, मी इतके दिवस घसा फोडून ओरडत होते आणि तू एकदाही सांगटलं नाहीस की ऐकू येतं!"

"बोलायचं नव्हतं ना."

"हात हलवायचास की!"

मी विचारले, "अक्का, तुळजा तुला माझे निरोप सांगायची?"

"सांगायची म्हणजे? दर दिवाळीला पत्र पाठवायची, मी शेजारी वाचवून घ्यायची. 'ते म्हणतात अक्काला बोलवा, तिच्या हातचं डांगर खायची इच्छा आहे.' म्हणून तर गुडघे दुखत असताना येत होते. का रे?"

दर दिवाळीला मी तुळजाला म्हणायचो, अक्काला बोलावू नको, ती फार बोलते. अक्काला मी हे सांगितले नाही. "काही नाही," म्हणालो. तिने दुपारी डांगर केले. खाल्ले.

१६ मार्च

उद्या सुंदर येणार. दोन बाजू आहेत. बोललो नाही तर काही बिघडत नाही. आवडीला दोन खोल्या आहेत. मी तिथे जाईन, ती मुलगी दाराच्या फटीला पंचा लावील, आणि मी असा माणूस म्हणून जगेन ज्याने तिला भाषा शिकवायला सांगितली, ज्याने मुलाला कधी दूर केले नाही. तो माणूस बरा आहे. पण मी तो नाही. तो तुळजाने केलेला आहे. मी त्याच्या खाटेवर झोपायचे आणि त्याचे जेवण जेवायचे?

आणि तुळजा खोटे बोलली हे कोणालाच माहीत होणार नाही. सगळे तिला भाबडी समजतात.

अजून ठरलेले नाही. श्वास चांगला, घसा मोकळा.

१७ मार्च, रविवार

दोघेही आले. सुंदर बसल्या बसल्या सुरू झाला. "अप्पा, मागची खोली तुमच्यासाठी रंगवून घेतोय. चुना नाही लावत, चुन्याची पूड उडते. आणि वसंता म्हणते, पंख्याची पाती ती रोज ओल्या फडक्यानं पुसणार."

"मी येणार नाही," मी म्हणालो.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि हसायलाच लागले. "अप्पा! आवाज!" वसंताने टाळी वाजवली. "मामा, अजून काही तरी बोला, काहीही बोला!" मी काय बोललो ते त्यांनी ऐकलेच नव्हते.

मग मी बोललो. डॉक्टरांनी सांगितले तसे, हळू, थांबत. लग्नाच्या वेळी मी कोणता निरोप दिला होता तो जसाच्या तसा सांगितला. दर रविवारी दार का लावलेले असे तेही सांगितले. मध्ये एकदाही खोकला आला नाही.

सुंदरच्या तोंडावरचे हसू तसेच राहिले होते. "चेष्टा करता काय, अप्पा?"

"मी कधी चेष्टा केली आहे?"

वसंता म्हणाली, "आणि भाषेचं? ते तरी..."

विचारले म्हणून सांगितले. विचारले नसते तर कदाचित सांगितले नसते. ती खाली पाहू लागली.

सुंदरने खोलीच्या दाराकडे पाहिले. मग म्हणाला, "मी दर रविवारी निघताना त्या दाराला हात जोडायचो. तुम्ही आत खोकायचात. अम्मा म्हणायची, बघ, आशीर्वाद दिला."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"तुझी अम्मा खोटं बोलली," मी म्हणालो. "पाच वर्षं."

"हो. आणि तुम्ही आत्ता खरं बोललात. कशासाठी, अप्पा? तिला जाऊन अजून चार महिने झाले नाहीत."

"माझे शब्द माझे असावेत."

"सरी, ठीक आहे," म्हणत तो उठला. "घ्या तुमचे शब्द. अम्माचं पुढचं मासिक मी आवडीला करीन. तुम्हाला तशी होमाच्या धुराची अडचण होतेच."

वसंताने त्याच्या चपला दारातून आणून दिल्या. दोघे गेले. पाया पडले नाहीत.

अक्का म्हणाली, "झालं समाधान? दमा बरा होता रे तुझा, दमा. निदान तोंड बंद असायचं."

"दिवाळीचं पत्रही खोटं होतं," मी म्हणालो.

"ते मला ठाऊक आहे," अक्का म्हणाली. "लहानपणापासून डांगर आवडत नाही तुला. मी तिच्यासाठी येत होते."

१८ मार्च

श्वास चांगला. घसा स्वच्छ. कचेरीत राममूर्तीने आवाज ऐकून अभिनंदन केले.

२४ मार्च, रविवार

कोणी आले नाही. सकाळपासून हॉलमध्ये बसलो होतो, दार उघडे ठेवून. रस्त्याची धूळ आली.

अक्का उद्याच्या गाडीने तंजावरला जाते. राहा म्हणालो. म्हणाली, गुडघे दुखतात. इथेही दुखतच होते.

३१ मार्च, रविवार

आज तिथी. मला कोणी कळवले नव्हते, पण तिथी मला माहीत आहे. सेंट्रल स्टेशनवरून आवडीची गाडी पकडली. खिडकीत बसायला नको होते. इंजिनाचा धूर येत होता आणि मधल्या स्टेशनपासून छाती वाजू लागली. गाडीत एक वाक्य जुळवले. 'तुझ्या आईने जे सांगितले त्यातले काही मीही म्हणालो असतो.' पुन्हा पुन्हा तपासले. खरे आहे का, ठरवता आले नाही. तरी तेवढे म्हणायचे ठरवले.

क्वार्टर्स विचारत विचारत गेलो. सुंदरने दार उघडले. अंगावर सोवळे होते. "वांगो, अप्पा," म्हणाला. या म्हणाला, पण तमिळमध्ये. मला वाटले, आत भटजी तमिळ आहेत म्हणून. भटजी आमच्यातलेच होते, मला ओळखतात.

मागची खोली रंगवलेली होती. आत शिवणाचे यंत्र आणि पेट्या ठेवल्या होत्या. मला पुढच्या व्हरांड्यात खुर्ची दिली, धूर लागू नये म्हणून. वसंता पाणी घेऊन आली. पाणी कोमट केलेले होते. पोट आता दिसते.

"बरी आहेस ना?" मी विचारले.

"नल्ला इरुक्केन," ती म्हणाली. बरी आहे.

"डॉक्टरीण काय म्हणते?"

तिने उत्तर दिले. सगळे ठीक आहे, जुलैची तारीख सांगितली आहे, दूध घ्यायला सांगितले आहे. पूर्ण उत्तर दिले, आदराने, आणि सगळे तमिळमध्ये. मी मराठीत विचारत होतो, तिला प्रत्येक शब्द कळत होता. सुंदरही बाहेर येऊन तसाच बोलला. माझ्याशी तो जन्मात तमिळ बोललेला नाही. लहानपणी रस्त्यावरून बोलत आला तरी उंबऱ्यावर भाषा बदलायचा.

तमिळ मला चांगली येते. कचेरीत तीस वर्षे तीच बोललो. तक्रार करण्यासारखे काही नव्हते.

आतून मंत्र ऐकू येत होते. त्यात तुळजाचे नाव आले. पिंड झाले, कावळ्याला ठेवले. सुंदरने मला जेवायला बोलावले. पान माझे वेगळे, चिंच नसलेले. वसंता वाढत होती. गाडीतले वाक्य तोंडात होते. ते मराठीत जुळवले होते. तमिळमध्ये करून पाहिले, तर ते कचेरीतल्या खुलाशासारखे वाटले. म्हटले नाही.

निघताना वसंता फाटकापर्यंत आली. मी "येतो" म्हणालो. तिने मान हलवली. काहीतरी म्हणायला तोंड उघडले आणि मग तमिळमध्ये म्हणाली, जपून जा.

फाटकाबाहेर येऊन थोडा वेळ उभा राहिलो, श्वासासाठी. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत ती एकटीच ताटे आवरत पोटातल्या पोराशी बोलत होती, बायका बोलतात तशी. ऐकले. मराठी नव्हती.